बटणावरची पितळी टोपी

"आजी, बघ, आजोबांचा कॅमेरा कसा नटवलाय!"

नातीने कॅमेरा माझ्यापुढे धरला. लेकाने तो वडिलांची आठवण म्हणून तिला परस्पर देऊन टाकला होता. काळे चामडे सोलून तिने त्यावर पोपटी रंगाचे चढवले होते.

"आणि बटणावरची पितळी टोपी कुठे गेली?"

"ती बेढब टोपी? काढली. आजोबांची काहीतरी खटपट असणार."

"ह्यांचीच. माझं बोट बटणापर्यंत पोचत नसे, म्हणून ह्यांनी ती घडवून दिली. कॅमेरा माझा आहे."

नातीने वळून भिंतीवरचे फोटो पाहिले. प्रत्येकात आजोबा होते. मी एकाही फोटोत नव्हते.

"टोपी शोधून आण," मी बजावले. "आणि खिडकीपाशी ताठ उभी राहा. माझ्या कॅमेऱ्यापुढे कुणी पोक काढून उभं राहत नाही."