पहिला घास

"सातप्पा, हात धुऊन ये! पांढऱ्या ताग्यावर परत पाच काळी बोटं उमटलीत," मालक कडाडला. "परदेशी कपडेवाल्यांना कोळसा चालत नाही, म्हणून सोलरच्या विजेवरचा बॉयलर बसवला. ऑर्डर परत आली तर तू घरी!"

बॉयलर सांभाळणाऱ्या सातप्पा फायरमननं हात दाखवले. लख्ख होते. मग कोळसा कुठला?

एकदम त्याला आठवलं. जोडीदार इमाम जुन्या बॉयलरवर भाजून गेला, तेव्हापासून भाकरीचा पहिला घास त्याच्या नावानं आगीत जायचा. या नव्या बॉयलरबाबाला घास टाकायला तोंडच नव्हतं!

दुपारी त्यानं घास बॉयलरच्या झाकणावर ठेवला. "खा लेका इमाम, पण माझी नोकरी खाऊ नको."

पुढचा तागा दुधासारखा निघाला. मालक हसला, मग थबकला. "सातप्पा, तुझ्या पाठीवर काळ्या हातानं कुणी थोपटलं रे?"