फिटेपर्यंत

"कार्ड आधी इथे ठेव," बाबा म्हणाले, "मग बॅगा आत घे."

मुलगी दारातच उभी होती. सहा वर्षांच्या स्वतंत्र बिऱ्हाडातून तिच्याकडे दोन बॅगा, एक उशी आणि पाठीचं दुखणं एवढंच उरलं होतं. बाकीचं सगळं, म्हणजे सोफा, मोठा टीव्ही, डोंगरातली सहल आणि नोकरी गेल्यावरचं घरभाडं, क्रेडिट कार्डावर बसलं होतं. तिने कार्ड टेबलावर ठेवलं. बाबांनी ते खोटं नाणं पारखावं तसं उलटसुलट करून पाहिलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

बाबा निवृत्त वजनमाप निरीक्षक. उभं आयुष्य दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेलं, त्यामुळे समोरचा प्रत्येक माणूस मापात मारणारच, असं ते धरूनच चालत. देवाने जीभ सगळ्यांनाच दिली, पण लगाम वाटले जात होते तेव्हा बाबा बहुधा रांग सोडून कुणाशी तरी भांडायला गेले असावेत. तिची आई गेल्यापासून तर त्यांना 'अहो, पुरे' म्हणणारंही कुणी उरलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी कायदे केले. कार्ड आणि त्याचा पिन त्यांच्याजवळ राहणार. वसुलीवाले दिवसभर तिला फोन करून छळत होते, तेव्हा बँकेत यापुढे नंबर बाबांचा. आणि मोबाइलवरून पैसे भरायचे नाहीत. वजन डोळ्यांदेखत झालं तरच खरं, हा त्यांचा जुना खाक्या. नवी नोकरी लागून पगार सुरू झाला की तिने ठरलेली रक्कम रोख त्यांच्या हातात द्यायची; ते स्वतः खिडकीवर जाऊन भरणार आणि शिक्क्याची पावती आणून देणार.

"आणि फिटलं की?" तिने विचारलं.

"फिटलं की तुझी वाट मोकळी. मला काय तुला इथे पुरून ठेवायचं आहे?"

तिला कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये काम मिळालं. दिवसभर ती परक्यांचे दात घासूनपुसून नीट बसवी आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे दात आवळून बसे.

कारण घरी तोफ तयारच असे. दिवा चालू राहिला की बाबा उठून खटकन बंद करत. आंघोळीला वेळ लागला की बाहेरून विचारत, बाईसाहेब तिथेच राहायला गेल्या की काय. नवी चप्पल दिसली की ती कुणाच्या पैशांची, हे शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं जाई. सुरुवातीला वसुलीवाल्याचा फोन आला की त्यांना चेवच चढे. तुझा तराजू पास कुणी केला, इथून सुरुवात करून ते त्या बिचाऱ्याची सात पिढ्यांची मापं काढत. हप्ते वेळेवर जाऊ लागले तसे ते फोन थांबले. मग सगळा दारूगोळा एकट्या मुलीच्या वाट्याला आला.

तिनेही काही कमी केलं नाही. ती त्यांच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली. बोलली तर कामापुरतं, तेही भिंतीकडे बघून. मुलगी त्यांचीच, पावती मिळाली की उजेडात धरून शिक्का तपासायची. एकदा तर जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या काचेबाहेर उभी राहून आली. बाबा खिडकीवर नोटा मोजून देत होते आणि आतल्या चष्मेवाल्या बाईशी हुज्जत घालत होते. तिची खात्री पटली. माणूस कडू होता, पण मापात खोट नव्हती.

एका संध्याकाळी भडका उडालाच. निमित्त कसलं, ते दोघांनाही नंतर सांगता आलं नसतं.

"शेवटचा हप्ता गेला ना," ती म्हणाली, "की या घराचं पुन्हा तोंड बघणार नाही."

"दाराला तेल घालून ठेवतो," बाबा म्हणाले. "निघताना कुरकुरायला नको."

तिने दुसऱ्याच दिवशी लॅबजवळ एक खोली पाहिली आणि थोडे पैसे आगाऊ देऊन टाकले.

तिच्या हिशेबाने शेवटचा हप्ता गेला. आता फक्त कार्ड बंद केल्याचा दाखला हवा होता. बाबा म्हणाले, मी आणतो. मग म्हणाले, बँकेत गर्दी आहे. मग त्यांचा गुडघा दुखू लागला. मग म्हणाले, एवढी काय घाई, तिकडे कुणी आरती घेऊन उभं आहे का. तिला मनातून चीड आली. शेवटच्या क्षणापर्यंत अडवायचं, हातातली दोरी काही सोडायची नाही. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बॅगा भरून दाराशी ठेवल्या आणि तडक बँक गाठली.

खिडकीवर तीच चष्मेवाली बाई होती. तिने नाव विचारलं, पडद्यावर पाहिलं आणि मान हलवली.

"बंद कसं होईल? बाकी तर वाढलीय."

मुलीने सगळ्या पावत्या समोर ठेवल्या. बाईने त्या पाहिल्या. पावत्या खऱ्या होत्या, पैसेही सगळे पोचले होते.

"पण भरून झाले ना, की तुमचे बाबा दारातल्या मशीनवर जातात आणि याच कार्डावर जवळजवळ तेवढेच पुन्हा काढतात."

मुलीचे कान तापले. उभं आयुष्य लोकांचे तराजू तपासलेला माणूस. घरी गेल्यावर पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, ते तिने तिथेच जुळवलं.

"आणि ते पैसे करतात काय?"

"तुमच्याच बचत खात्यात टाकतात. शाळेत असताना उघडलेलं दिसतंय. पुन्हा रांगेत उभे राहतात, पुन्हा माझ्याशी भांडतात आणि भरतात." बाईने पावत्या नीट लावून परत सरकवल्या. "वर व्याज किती बसतं, हे मी दर खेपेला सांगते त्यांना. परवाही म्हटलं, काका, हिशेबातली माणसं तुम्ही, हा शुद्ध तोटा आहे, कशाला करता?"

"मग?"

बाईने चष्मा काढला.

"म्हणाले, फिटलं की पोरगी जाईल."