शेठ बोलेपर्यंत गप्प

“आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं,” प्रशिक्षक सर सातव्यांदा म्हणाले.

बाईंनी सातव्यांदा मान डोलावली, सरावासाठी समोर बसवलेल्या सहकाऱ्याकडे पाच लाख रुपये मागितले आणि त्याच दमात म्हणाल्या, “नाही जमलं तरी काही हरकत नाही हं. घरी विचारून सांगा सावकाश. चहा घेतलात का?”

सरांनी डोळे मिटले. शाळा-कॉलेजांसाठी देणग्या मागणाऱ्यांना मागायला शिकवण्याचं काम ते अकरा वर्षं करत होते. देणगीदार नाही म्हणालेला त्यांनी पुष्कळदा पाहिला होता. मागणाऱ्यानेच देणगीदाराच्या वतीने नाही म्हणून टाकलेलं मात्र पहिल्यांदाच पाहत होते.

“बाई, याआधी तुम्ही काय करत होतात?”

“कॉलेजच्या वाचनालयात होते. ग्रंथपाल. सव्वीस वर्षं.”

“म्हणजे सव्वीस वर्षं गप्प बसवायचा पगार घेतलात!”

“लोकांना गप्प बसवायचा,” बाई म्हणाल्या. “मला कोण बसवणार?”

प्राचार्यांनी बाईंना स्पष्ट सांगूनच पाठवलं होतं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणलं, तर वाचनकक्षासाठी देणग्या जमवायचं काम बाईंकडे आणि कक्ष आहे तिथेच. नाही आणलं, तर तिथे टेबल टेनिस. मापं घ्यायला माणूस येऊनही गेला होता. तो भर वाचनकक्षात मोबाइलवर मोठमोठ्याने बोलत होता, हे बाईंना टेबल टेनिसपेक्षाही जास्त लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. एका खोलीत देणगीदार बसवलेला असायचा. देणगीदार म्हणजे टपाल खात्यातले एक निवृत्त कारकून. सर त्यांना दरवर्षी जेवणावर आणि जाण्यायेण्याच्या खर्चावर बोलवत. सगळे त्यांना शेठ म्हणत. शेठचं काम एकच, नाही म्हणायचं. ते त्यांनी अकरा वर्षं इमानेइतबारे केलं होतं. गुणपत्रिकेत ‘सभ्य नकार’, ‘रागीट नकार’ आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ असे तीनच रकाने होते. पास व्हायची अट साधी होती. आकडा सांगितल्यावर शेठ बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही.

दारातच सरांनी बाईंना अडवलं. “तो चष्मा काढा आधी. तुम्ही त्याच्यावरून बघता ना, तेव्हा माझ्यासारख्यालाही काहीतरी चोरल्यासारखं वाटतं.”

“अहो, मग मला दिसणार काय?”

“मागायला दिसावं लागत नाही. समोरची एखादी वस्तू धरा, तिच्यावरून नजर हलवू नका आणि मनात पाढे म्हणा.”

बाईंनी चष्मा पर्समध्ये टाकला आणि आत गेल्या. टेबलापलीकडे एक करडा आकार होता. त्याच्या मांडीवर एक तपकिरी चौकोन होता. बाईंनी नजरेने तो चौकोन धरला.

“नमस्कार. मी कॉलेजच्या वाचनालयाकडून आलेय.”

करडा आकार जरा दचकल्यासारखा वाटला.

“वाचनकक्ष चालू राहायला हवा. त्यासाठी तुम्ही पाच लाख रुपये द्यावेत, अशी विनंती आहे.”

आणि बाई गप्प बसल्या.

दोनचा पाढा झाला. तीनचा झाला. शेठ खोकले. सातच्या पाढ्यावर त्यांनी चौकोन मांडीवरून उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवला. बाईंची नजर त्याच्यामागोमाग खुर्चीवर गेली. दहाच्या पाढ्यावर शेठनी त्याच्यावर रुमाल टाकला. तपकिरी चौकोन पांढरा झाला. बाई पांढऱ्याकडे बघत राहिल्या. ‘चहा घेतलात का’ जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. ते त्यांनी तेराच्या पाढ्याने मागे ढकललं. दाराच्या काचेला नाक लावून सर घड्याळ बघत होते. बारा मिनिटं झाली होती.

एकोणीसच्या पाढ्यावर शेठ उठून उभे राहिले.

“देतो!” ते म्हणाले. “पाच नाही, सहा देतो. पण बाई, आता पुरे करा.”

सरांनी पट्टी मागवली आणि गुणपत्रिकेत चौथा रकाना आखला.

प्रमाणपत्र हातात घेऊन बाई बाहेर आल्या. जिन्याच्या कठड्याला टेकून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. नाव आपलंच असावं एवढं कळलं. टेबल टेनिसवाल्याला आता दुसरीकडे कुठे मापं घ्यायला सांगावं, याचा त्या मजेत विचार करत असताना करडा आकार शेजारी येऊन उभा राहिला.

“घ्या,” शेठ हळू आवाजात म्हणाले आणि तो चौकोन त्यांनी बाईंच्या हातावर ठेवला. “बसल्या बसल्याच ओळखलंत ना? अहो, दोन परीक्षांच्या मध्ये वाचायला म्हणून आणलं होतं. मला काय ठाऊक, आज तुम्हीच येऊन बसाल! कॉलेजसमोरच्या टपाल कचेरीत होतो ना, तेव्हा नेलेलं. शेवटची चार पानं राहिली होती हो.”

बाईंनी पर्समधून चष्मा काढून लावला. हातात त्यांच्याच वाचनालयाच्या तपकिरी बांधणीचं पुस्तक होतं. आत त्यांचाच जांभळा शिक्का होता. शेवटी चिकटवलेल्या कागदावर परत करायची तारीख त्यांच्याच अक्षरात होती, एकोणीस वर्षांपूर्वीची.

‘असू दे हो, काही हरकत नाही’ हे शब्द सवयीने ओठांपर्यंत आले. बाईंनी ते गिळले. चष्म्यावरून शेठकडे बघत त्या गप्प उभ्या राहिल्या.

“घरी अजून दोन आहेत,” शेठ म्हणाले.