गव्हर्नरचं पेन

व्हर्ना दारात उभी राहिली तेव्हा तिचे दोन्ही हात रिकामे होते, आणि म्हाताऱ्या ओपलची नजर आधी तिकडेच गेली.

"टीव्हीवर तर बॅगांची रास होती," ओपल म्हणाली. "त्यातली एक नाही आणलीस होय?"

रास होती खरी. त्याच सकाळी राजधानीत नव्या कायद्यावर सही झाली होती. आईबापांपासून दूर, सरकारच्या ताब्यात असलेलं मूल एका सांभाळणाऱ्या घरातून दुसऱ्या घरी हलवताना त्याचं सामान यापुढे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरायचं नाही, त्याला स्वतःची बॅग द्यायची, असा कायदा. बालकल्याण खात्यातल्या व्हर्नानं त्यासाठी आमदारांचे उंबरे झिजवले होते. चर्चच्या बायकांनी बॅगा जमवून दिल्या, त्या फोटोसाठी गव्हर्नरच्या पाठीमागे रचल्या. समारंभ आटोपल्यावर तिथल्या एका साहेबानं विचारलं, कायदा जुलैत लागू होईल तोवर बॅगा इथंच दर्शनी दालनात राहू द्यायच्या का, येणारेजाणारे बघतील. आणि या बाईनं हसून मान डोलावली. डोलावेल नाही तर काय, खिशात सहीचं पेन होतं ना! एका सहीला गव्हर्नर बरीच पेनं वापरतो आणि मग ती पाहुण्यांना वाटतो, तिकडची रीतच आहे. जाड टोकाचं, सोनेरी अक्षरांचं एक पेन व्हर्नालाही मिळालं होतं. त्या आनंदात एक बॅग तरी गाडीत टाकावी एवढं तिला सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर फोन आला. ओपलच्या कंबरेच्या ऑपरेशनची तारीख अचानक उद्यावर आली होती. तिनं वर्षभर सांभाळलेल्या डेलियाला आजच दुसऱ्या घरी पोचवायचं होतं. इथं येईपर्यंत वाटेत दोन मोठी दुकानं लागली, पण व्हर्नाच्या कानात अजून टाळ्याच वाजत होत्या.

"माझी बॅग दिली असती गं पोरीला," ओपल म्हणाली. "पण आहे ती एकच, आणि ती माझ्याबरोबर दवाखान्यात चाललीय. सकाळी ऐकलं तुझं भाषण. छान बोललीस. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात."

खरंच होतं ते. व्हर्ना तिच्या बाजूनं आत सरकली.

डेलिया स्वयंपाकघरात होती. दहा वर्षांची, काटकुळी. ओट्याखालचं काळ्या पिशव्यांचं भेंडोळं तिनं स्वतःच काढलं होतं. एका पिशवीत दुसरी घालून त्यात कपडे, बूट, उशी असं सगळं कोंबून ती गाठ मारत होती.

"एकात एक घातल्या की फाटत नाहीत, मिस व्हर्ना," ती म्हणाली. कुणी न विचारताच म्हणाली.

व्हर्ना तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. गेल्या वर्षी याच मुलीला इथं आणताना तिनं शब्द दिला होता, पुढच्या वेळी तुला बॅग मिळेल. "अर्धा तास थांब," ती घाईघाईनं म्हणाली. "मी दुकानातून घेऊन येते. तुला आवडेल त्या रंगाची."

"नको. माझं भरून झालंय."

मग गाठ घट्ट करता करता डेलियानं विचारलं, "टीव्हीवर तुम्ही सांगितली ती मुलगी मीच ना?"

व्हर्नानं नाव घेतलं नव्हतं. पण गोष्ट तिचीच होती. पहिलं घर सोडताना डेलियाची पिशवी पायरीवर ठेवली होती आणि कचऱ्याची गाडी ती उचलून घेऊन गेली. आत तिच्या आईचा स्वेटर होता. भाषणात हे आलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले होते, आणि व्हर्ना मुद्दाम क्षणभर थांबली होती, म्हणजे ते पुसून होतील. आता ते थांबणं आठवलं आणि तिला स्वतःची किळस आली.

"हो," ती म्हणाली. "तूच."

"सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते."

आवाजात रागाचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"चुकलं माझं, डेलिया. मी तुला शब्द दिला होता."

"पण जुलैपासून आहे ना ते? मिस ओपलनी सांगितलंय मला." डेलियानं तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं, मोठी माणसं थोपटतात तसं. व्हर्नाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

डेलियानं खणातून पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि पिशवीवर एक लांब पट्टी चिकटवली. "पेन आहे का तुमच्याकडे? जाड लिहिणारं हवं."

खिशात एकच होतं. व्हर्नानं ते काढून दिलं. डेलिया सोनेरी अक्षरांवरून एकदा बोट फिरवून फरशीवर पालथी पडली आणि जीभ दातात धरून एकेक अक्षर काढू लागली. लिहून झाल्यावर तिनं पट्टीवर फुंकर घातली.

हा कचरा नाही. डेलियाचं सामान आहे.

मग टोपण नीट लावून तिनं पेन परत केलं. "घ्या," ती म्हणाली. "चांगलंय. जपून ठेवा."