आवाज चढला

“वस्ताद, पट्टा सोडून आता पेन चालवणार व्हय?” माझा पट्टशिष्य हिंदुराव म्हणाला, तशी सगळी तालीम हसली.

मी लाल मातीत मांडी घातली आणि कागद उलगडले. आयुष्यभर पोरांना दांडपट्टा शिकवला; अक्षरं मात्र साठीनंतर नातीकडून शिकलो. ही माझी पहिली गोष्ट. ती ऐकून पोरं पुन्हा हसली असती, तर मी कागद तिथंच फाडणार होतो.

ओळीखाली बोट धरून वाचत गेलो. गोष्टीतला म्हातारा वस्ताद भर जत्रेत स्वतःच्याच शिष्याकडून हरला, पट्टा त्याच्या हाती देऊन एकटाच घराकडे चालू लागला. मी कागद मिटले.

हिंदुराव ताडकन उठला. “हरवलासा कशाला त्याला?” त्याचे डोळे भरले होते. “तसला माणूस हरतोय व्हय? बदला शेवट!”

“अरे, असा माणूस नाहीच. मी रचलाय त्याला.”

“मग परत रचा की!”

पन्नास वर्षांत या तालमीत माझ्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. मी खुशीत मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, “शेवट हाच राहणार.”