बारीकसारीक

“आजपासून जगाच्या इतिहासाचे दोन भाग पडले,” विवाहनोंदणी कार्यालयाच्या पायरीवर उभं राहून लिफ्टवाला म्हणाला. “कालपर्यंतचा एक आणि आजपासूनचा दुसरा!”

“मान इकडे करा,” बायको म्हणाली आणि त्याच्या नव्या सदऱ्याच्या कॉलरला लोंबणारं दुकानाचं लेबल तिनं दातांनी तोडलं. तिला बायको होऊन चारच मिनिटं झाली होती, पण हात बसला होता.

लिफ्टवाल्याचं वय चौपन्न. तीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे वर-खाली होणं त्याला नवीन नव्हतं. पण आज तो नुसता वरच चालला होता. ही बातमी कुणाला तरी सांगितली नाही तर आपण इथेच फुटू, असं त्याला वाटत होतं. आणि सांगावं अशी माणसं त्याला जगात पाचच होती. ती सगळी फोनमध्ये राहत. त्यांतली एक आता शेजारी उभी राहून लेबल पर्समध्ये ठेवत होती.

ग्रुपचं नाव ‘बारीकसारीक’. सभासद सहा, आणि या दोघांखेरीज कुणीच कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तो सहा वर्षांपूर्वी काढला, तेव्हाच नियम घालून दिला. रोज एक लहानशी गंमत सांगायची, स्वतः पाहिलेली. मोठी बातमी सांगायची नाही. सांगेल तो बाहेर. एकानं उत्साहाच्या भरात नवं घर घेतल्याचं लिहिलं होतं. बाईंनी त्याला अकराव्या मिनिटाला काढलं. तो अजून त्या घरातच आहे, पण ग्रुपमध्ये नाही.

त्यामुळे डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गमती लिहिणारी चष्मेवाली आणि लिफ्टच्या आरशात लोक काय काय करतात ते लिहिणारा लिफ्टवाला यांचं जमलं, हे ग्रुपला कळायला वावच नव्हता. लिफ्टवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि इथे तर अख्खं लग्न भिजत घालायचं होतं!

त्यानं आधी सभ्यपणे प्रयत्न केला. लिहिलं, ‘आज एका टेबलावर दोरीनं बांधलेलं पेन पाहिलं. दोरी इतकी आखूड, की सही करताना माणसाला आपोआप वाकून नमस्कार घडतो.’

दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘दोरी सुती की नायलॉनची?’

टॅक्सीवाल्यानं विचारलं, ‘पेन चालत होतं का? नाहीतर नमस्कार फुकट.’

बाईंनी लिहिलं, ‘निरीक्षण चांगलं. पाचपैकी चार. अक्षर सुधार.’ छापील अक्षर कसं सुधारायचं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

लिफ्टवाल्यानं फोन खिशात ठेवला. बाहेर काढला. पुन्हा ठेवला.

“काढतील हो,” तो रडवेला होऊन म्हणाला. “सहा वर्षं रोजचा चहा या लोकांबरोबर घेतलाय. त्यांना सांगावं तर ते जातात, आणि न सांगावं तर मी जातो.”

चष्मेवालीनं त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “अहो, लिहून टाका. पोटात बातमी दाबून संसार सुरू करायचा नसतो. काढलं तर दोघांना काढतील, सोबत तर होईल!”

त्यानं लिहिलं. ‘मी आणि चष्मेवालीनं लग्न केलं. आत्ता. खरंखुरं.’

 वर ‘बाई टाइप करत आहेत’ असं दिसलं. मग दिसेनासं झालं. मग पुन्हा दिसलं. लिफ्टवाल्यानं बायकोचा हात घट्ट धरला.

पण आधी उगवले डॉक्टर. ‘बाईंनी काढायच्या आत सांगून घेतो. मला जुळ्या नाती झाल्या! मार्चमध्येच! तेव्हा मी “घरात झोपेची टंचाई आहे” एवढंच लिहिलं होतं, आठवतं?’

‘मी दहावी पास झालो,’ टॅक्सीवाला ओरडला. तो ओरडला हे उद्गारचिन्हांवरून कळलं, ती चौदा होती. ‘बावन्नाव्या वर्षी! गणितात एकाहत्तर!’

शिवणवाल्या ताई सहा वर्षं टाचण्या आणि बटणं यांच्यापलीकडे गेल्या नव्हत्या. त्यांनी लिहिलं, ‘मी विमान चालवलं. दहा मिनिटं. शिकवणारा शेजारी होता, पण चालवलं मीच. तो डोळे मिटून बसला होता.’

पायरीवर नवरा-बायको एकमेकांना धरून हसत होते. कार्यालयाचा शिपाई बाहेर डोकावला आणि ही माणसं नोंदणीआधी आली की नंतर, याचा विचार करत आत गेला.

मग बाईंनी हजेरीपटावरची नावं खोडावीत तसे एकेक सभासद काढले. डॉक्टर गेले. टॅक्सीवाला एकाहत्तर गुणांसकट गेला. ताई उतरल्या. चष्मेवाली गेली, आणि तिच्या मागोमाग तिचा नवरा.

दोन मिनिटांत टॅक्सीवाल्यानं नवा ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘वाट्टेल ते’. तिथे नातींचे फोटो येऊ लागले, गुणपत्रिका आली, ढगांचा एक फोटो आला आणि त्याखाली ताईंनी लिहिलं, ‘हे खाली आहेत, मी वर.’ लिफ्टवाल्यानं लग्नाची बातमी पुन्हा एकदा सांगितली, सगळ्यांनी ती पुन्हा पहिल्यांदा ऐकली.

एवढ्यात त्याच्या फोनवर एक निराळा संदेश आला. फक्त त्याला. बाईंचा.

‘अभिनंदन. तिलाही सांग. नियम केला तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखं मोठं काही नव्हतं, म्हणून केला होता. कालपासून आहे. पण आता ग्रुपमध्ये मी एकटीच उरले. तुम्ही दुसरा काढलाच असेल, मी ओळखते तुम्हाला. मला घ्याल का? मागच्या बाकावर बसेन.’