ओंजळभर मैनाबाई

माणसांच्या अंगात प्लॅस्टिक इतकं साठलं होतं की देह जाळला तर विषारी धूर होई. म्हणून स्मशानात आता देह गरम अल्कलीच्या पाण्यात विरघळवत. तिसऱ्या दिवशी घरच्यांना अस्थी मिळत. प्लॅस्टिक तिथंच ठेवून घेत.

मैनाबाईचं ओंजळभर निघालं. चाळीस वर्षं तिनं कचरा डेपोवर बाटल्या वेचल्या होत्या.

"हेही द्या, दादा. आईच आहे ती," तिची लेक पारू म्हणाली.

"नदीत प्लॅस्टिक सोडता येत नाही, ताई," कर्मचारी म्हणाला.

"मग याचं काय करता?"

"सगळ्या रंगांचा मिसळलेला माल. वितळवून नव्या वस्तू करणारा कारखाना घेत नाही, डेपोवर जातो."

सोबत आलेल्या मावशीनं कपाळाला हात लावला. "जन्मभर तिथून उचलत राहिली बाई, आणि आता तिलाच तिथं टाकायचं?"

"निवडून दिला तर घेतील?" पारूनं विचारलं.

"घेतील. पण कणीएवढे तुकडे, निवडणार कोण?"

पारू फरशीवर बसली. मांडीवर पदर पसरून तिनं आईला त्यात ओतून घेतलं. निळी आई एकीकडे, पांढरी आई एकीकडे करू लागली.

जरा वेळानं मावशीही शेजारी टेकली.

"हिरवी माझ्याकडे दे," ती म्हणाली.